नंबर घातलेली झाडं

मला पालीची किळस कधी आली नाही, याचं श्रेय माझ्या वडिलांचं. छप्पन साली आमच्या घरानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी पाच वर्षांची होते. वडील घरातले देव नदीत सोडून आले आणि आईला म्हणाले, आता पाल चुकचुकली तर जमिनीवर बोटं आपटायची नाहीत. आई 'बरं' म्हणाली. पण पुढं कितीतरी वर्षं पाल चुकचुकली की तिची बोटं पदराखाली मांडीवर हळूच आपटायची. वडिलांना ते दिसायचं आणि ते भिंतीकडे बघत बसायचे. मी विचारायचे, "बाबा, मंग पाल बोलते कायले?" ते म्हणायचे, "तिले विचार." मिलमध्ये दिवसभर लूमवर उभं राहून आलेल्या माणसाकडून याहून मोठं उत्तर कोण मागणार? मी पालीलाच विचारायचं ठरवलं.

सत्तरच्या दशकात नागपुरात एम.एस्सी.ला असताना एका पेपरच्या जागी प्रबंध लिहायची सोय होती. मी विषय घेतला जंगलातल्या पाली आणि सरडे यांचा. कोणत्या झाडावर कोण राहतो, झाडाच्या सालीखाली, पानांच्या थरात की काट्यांच्या जाळीत, आणि हिवाळ्यातलं घर उन्हाळ्यात तेच राहतं का, एवढंच मला बघायचं होतं. आमचे सर बेडकांचे. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "पाली मोजायला जंगलात कशाला जायचं? होस्टेलात ये." वर्गातली मुलं हसली. मी हसले नाही. तेव्हाच मनाशी म्हटलं, आता हाच विषय.

घरात वेगळीच अडचण होती. वडिलांची बहीण, माझी आत्या, कुहीला राहायची. तिनं माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. मुलगा कचेरीत नोकरीला, स्वभावानं चांगला, दोष काढायला जागा नाही. आत्या म्हणाली, "शिकून शिकून किती शिकशीन वं? सरड्याची धाव कुंपणापर्यंत." माझा विषय तिला तोपर्यंत माहीत नव्हता, कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला. वडील म्हणाले, "जूनपर्यंत थांब. जूनमध्ये ती पास झाली तर तिच्या मनानं होईन. नाही झाली तर तुह्या मनानं." एवढं बोलून ते जेवायला बसले. मला जून महिना तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरात सारखा दिसायला लागला.

जंगल मिळालं ते रामटेकच्या पुढं. बसमधून उतरून दीड-दोन मैल चालायचं, मग जंगलखात्याचा नाका. तिथं आडवा बांबू, एक खोली, एक पडवी, आणि नाकेदाराचं बिऱ्हाड. आमच्याकडं जंगलाच्या राखणदाराला नाकेदार म्हणतात. रेंजर साहेबांनी मला परवानगीचं पत्र दिलं होतं: 'झाडांस इजा न करता निरीक्षण करावे.' दर शनिवारी पहिल्या बसनं जायचं, रविवारी संध्याकाळी परत यायचं. रात्री मुक्काम नाकेदाराच्या आईच्या खोलीत. त्यांना मी मावशी म्हणत असे. पहिल्याच दिवशी मी आपण होऊन त्यांना आमची जात आणि धर्म सांगून टाकला. वडिलांची शिकवणच होती, की आधी सांगायचं, म्हणजे नंतर कोणाच्या चेहऱ्याकडे बघत बसावं लागत नाही. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. मंग भाकर का भात?"

मावशी साठीच्या असतील. अंगानं काटक, बोलण्यात तुटक. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं वेचायच्या, बाकी वर्षभर सरपण, चारोळी, तेंदूची पानं. वाचता येत नव्हतं. पण पहाटे माझ्यापुढं चालताना त्या मधेच थांबून काठीनं करवंदाच्या जाळीकडे दाखवत, आणि तिथं खरंच सरडा असे. पहाटेच्या थंडीत सरडा हलत नाही. काटेरी जाळीच्या शेंड्याला, जिथं सापाचं वजन पेलणार नाही अशा बारक्या फांदीला, डोकं वर करून चिकटून झोपलेला असतो. ही जागा त्यानं का निवडली, हे मला पुस्तकात दोन पानं वाचून कळलं होतं. मावशी एका वाक्यात म्हणाल्या, "जो चढन, त्यानं फांदी हालन. मंग हा जागा होईन."

माझा तुकडा नाल्याच्या अलीकडे होता. नाल्याच्या पलीकडे कूप, म्हणजे त्या वर्षी खात्यानं तोडीला काढलेला जंगलाचा भाग. मी माझ्या तुकड्यातली बहात्तर झाडं निवडली. साग होते, धावडे होते, पण माझा जीव येनांवर. पुस्तकात त्याला ऐन म्हणतात. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी फुटलेली असते आणि झाड म्हातारं झालं, वाळलं, की सालीचे पापुद्रे सुटतात. त्या पापुद्र्याखाली हात जाणार नाही एवढ्या फटीत झाडावरची पाल राहते. रंग हुबेहूब सालीचा. मी टॉर्च लावून एका डोळ्यानं आत बघायचे आणि आतून ती दोन डोळ्यांनी माझ्याकडे बघायची. एका येनाच्या सालीखाली वाटाण्याएवढी पांढरी अंडी दोन-दोनच्या जोडीनं चिकटवलेली सापडली, तेव्हा मी आनंदानं ओरडलेच. मावशी दुरून म्हणाल्या, "साप गिप हाये काय वं?"

आता हीच झाडं मला उन्हाळ्यात पुन्हा सापडायला हवी होती. पत्र्याच्या चकत्या खिळ्यानं ठोकायला गेले, तर नाकेदारानं हात धरल्यासारखं थांबवलं. झाडात खिळा राहिला की पुढं कधीतरी करवत तुटते, माणसाचा हात जातो. मग रंगीत चिंध्या बांधल्या. त्या बकऱ्यांनी चघळल्या. शेवटी मी सीताबर्डीवरून पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला आणि झाडांवर छातीच्या उंचीला ठळक नंबर घातले. एक ते बहात्तर. त्याच खेपेत नेलपॉलिशची लाल बाटलीही आणली, पकडलेल्या पालीच्या पाठीवर ठिपका द्यायला. माझ्या पिशवीत ती बाटली बघून आईला वाटलं पोरीला अखेर नटण्याची बुद्धी झाली. तिला खरं सांगितलं तेव्हा तिनं ती बाटली दोन बोटांत धरून पिशवीत परत टाकली.

मी नंबर घालत होते तेव्हा मावशी सरपणाची मोळी टेकवून बसल्या होत्या. पाच-सहा झाडं होईपर्यंत त्यांनी बघितलं.

"हे काय करून राहिली वं?"

"नंबर टाकून राहिली, मावशी. उन्हाळ्यात हेच झाड सापडलं पाहिजे ना."

"झाडाले नंबर देऊ नको. नंबर देल्ला का झाड जाते."

"कुठं जाते?"

"जाते म्हंजे जाते. राह्यत नाही."

मी हसले. खात्याचे नंबर कुपातल्या झाडांवर मी पाहिले होते. ते लाल असत आणि खाली घणाचा ठप्पा असे. माझे पांढरे, ठप्पा नाही. एवढा फरक कोणालाही कळेल असं मला वाटलं. ज्याला वाचता येतं त्याला असं वाटतंच. त्यातून मी आमच्या घरातली मुलगी. म्हाताऱ्या माणसानं कारण न देता सांगितलेलं काहीही मला देव नदीत सोडायच्या आधीच्या काळातलं वाटायचं. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी एक यादी करत होते, 'गावातल्या अंधश्रद्धा' अशा मथळ्याची. सरडा मान हलवतो तेव्हा लांबून आपलं रक्त पितो. सापाची मावशी, म्हणजे सापसुरळी, चावली तर माणूस पाणी मागत नाही. पाल अंगावर पडली तर अमुक, डोक्यावर पडली तर तमुक. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी सातवी ओळ लिहिली: झाडाला नंबर दिला की झाड जातं. मावशी शेजारीच बसून लसूण सोलत होत्या. "काय लिहून राहिली?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आजचं काम."

हिवाळा कामात गेला. सागाचं मोठं पान वाळलं की पळीसारखं वळतं, आणि अशी पानं एकावर एक पडली की खाली ओलसर, अंधारी पोकळी राहते. तिथं सापसुरळ्या. जाळीत सरडे. सालीखाली पाली, एकोणचाळीस जणींच्या पाठीवर माझा लाल ठिपका. हिवाळ्याचा तक्ता एवढा भरला की सरांनीसुद्धा तो दोनदा उलटसुलट करून बघितला आणि 'हं' म्हणाले. आमच्या सरांचं 'हं' म्हणजे दुसऱ्याची शाबासकी.

मग फेब्रुवारीत लेखी परीक्षा आली. वर आत्यानं कुहीला बोलावून तो मुलगा दाखवला. म्हणजे मला दाखवलं. तीन आठवडे मी जंगलात गेले नाही. मार्चच्या पहिल्या शनिवारी नाक्यावर पोहोचले तर मावशी पडवीत बसून होत्या. रोज त्या वेळी त्या जंगलात असत. मला बघून उठल्या नाहीत. "जाऊन पाह्य," एवढंच म्हणाल्या. शंकेची पाल तेव्हासुद्धा माझ्या मनात चुकचुकली नाही, इतकी मी निश्चिंत होते.

पायवाटेच्या वळणावरच उजेड जास्त वाटला. नाल्याच्या अलीकडे, माझ्या तुकड्यात, आभाळ जमिनीपर्यंत आलं होतं. माझे नंबर मला वाचता येत होते, पण मान वाकडी करून, कारण ते आडवे पडले होते. एकवीस आडवा. बावीस आडवा. तेविसाच्या सालीचे पापुद्रे कुऱ्हाडीनं उडवलेले, आणि एका पापुद्र्याच्या आतल्या बाजूला अंड्यांच्या फुटक्या टरफलांची जोडी. मी वही काढली आणि मोजत गेले, कारण दुसरं काय करायचं मला कळत नव्हतं. बहात्तरातली त्रेपन्न झाडं तोडली होती. उरलेली एकोणीस बहुतेक त्यांच्या दिवसाच्या कामात बसली नसावीत. मग मी एकविसाच्या बुंध्यावर बसून रडले. मोठ्यानं रडले. झाडं गेली म्हणून, जून गेला म्हणून, आणि त्या पांढऱ्या आकड्यांमधलं माझं स्वतःचं नीटनेटकं अक्षर ओळखू येत होतं म्हणून.

झालं होतं ते अगदी साधं. कुपाची तोड करायला ठेकेदारानं दुरून माणसं आणली होती. त्यांना आकडे वाचता येत नव्हते, वाचायची गरजही नव्हती. ज्या झाडावर आकडा ते पाडायचं, हा त्यांच्या कामाचा एकच नियम. कूप संपलं, नाल्याच्या अलीकडे आणखी आकडे दिसले, ते इकडे आले. नाकेदार त्या दिवसांत डोंगराच्या पलीकडे वणवा अडवायला जाळरेषा, म्हणजे गवत जाळून मोकळे पट्टे, काढायच्या कामावर होता. परत आला तेव्हा सगळं उरकलं होतं. आता कुपाबाहेरची त्रेपन्न झाडं त्याच्या हद्दीत तुटली होती आणि वरून त्याला जाब विचारला होता: नंबर कोणी घातले? आठ दिवसांत उत्तर द्यायचं. नोकरी जाणार, खोली जाणार, हे त्याला आणि त्याच्या आईला कळून चुकलं होतं.

"मी तुमचं नाव नाही सांगतलं, ताई," तो म्हणाला. "लेकीबाळीचं नाव सरकारी कागदावर कायले?" तो रागावला असता तर बरं झालं असतं. मावशींनी मला भाकरी वाढली. 'मी सांगतलं होतं' हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. ते वाक्य मी बसमध्ये नागपूरपर्यंत स्वतःच स्वतःला म्हणत आले.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. मी सांगितलं, की मी जाऊन कबूल केलं तर परवानगी जाईल, परवानगी गेली की प्रबंध जाईल, आणि मग जून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "तुले कोनीच सांगतलं नव्हतं, का नंबर नको टाकू म्हून?" मी म्हटलं, सांगितलं होतं. पण मला ती अंधश्रद्धा वाटली. मग वडील जे बोलले ते मी आजवर विसरले नाही. "पाल बोलली का जमिनीवर बोटं आपटणं आपण सोडलं वं. मोठ्या मानसाचं ऐकणं सोडा, असं तुले कोनी सांगतलं होतं?" आई चुलीपुढं होती. तिची बोटं त्या दिवशी कुठंच हलली नाहीत.

सोमवारी मी रामटेकला रेंजर साहेबांच्या कचेरीत गेले. माझ्या हातानं लिहून दिलं: झाडांवरचे नंबर मी घातले, नाकेदारांनी मला खिळे मारू दिले नव्हते, नंबरांचा धोका मला गावातल्या बाईंनी सांगितला होता, मी ऐकलं नाही. साहेबांनी वाचून विचारलं, "हे मला तुमच्या कॉलेजला कळवावं लागेल. कळतं ना?"

"कळवा," मी म्हटलं. आवाज नीट आला याचं मला अजून कौतुक वाटतं.

सरांना पत्र गेलं. ते भडकले, आणि त्यांचं चुकलं नाही. म्हणाले, "झाडंच गेली, आता उन्हाळ्याचं काय बघणार? पुढच्या वर्षी दुसरा विषय घे."

"पुढचं वर्ष नाही सर माझ्याकडे."

"मग?"

"झाडं गेली, पण पाली कुठंतरी गेल्याच असतील ना. त्या कुठं गेल्या ते बघते."

पंधरा दिवसांनी कागद आला. नाकेदाराला ताकीद देऊन सोडलं होतं. मला जंगलात जायला मनाई नव्हती, पण कोणत्याही झाडावर कसलीही खूण करायची नाही, रंग, दोरा, खडू, काही नाही. उभ्या एकोणीस झाडांवरचे नंबर मीच खरवडून काढायचे. मी विटेचा तुकडा घेऊन दिवसभर ते खरवडले. एकेक आकडा जाताना ते झाड पुन्हा बाकीच्या झाडांत मिसळून जात होतं. संध्याकाळी मावशींना म्हटलं, आता मला कोणतं झाड कोणतं हे कसं कळणार? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना प्रश्नच समजला नसावा. "तुह्या घरचे मानसं तू नंबरानं वळखते काय?"

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. मावशी पहाटे मोहाखाली जायच्या आधी मला घेऊन निघत. हा कुबडा येन. हा नाल्यावर वाकलेला, पाणी पिणारा. हे दोन धावडे जवळजवळ वाढलेले, पण एकमेकांकडे पाठ करून, म्हणून ते जावा-जावा. हा वीज पडलेला, याचं अर्धं अंग काळं. हा खुंट साग होता, बसायला चांगला. तो खुंट येन होता, तिथं मुंग्या. तोडलेल्या झाडांचीही त्यांना आठवण होती, आणि ती सांगताना त्या गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. मी चुकले की पुन्हा पहिल्यापासून. आठवडाभरात मला एकोणीस चेहरे आणि त्रेपन्न खुंट तोंडपाठ झाले. परीक्षेसाठीसुद्धा मी इतकं पाठ केलं नव्हतं.

एप्रिल-मे मी तिथंच काढला. लेखी परीक्षा संपली होती, म्हणून शनिवारची वाट बघायची गरज नव्हती. नागपूरच्या बाजूचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. डोक्याला ओला टॉवेल, खिशात कांदा, पहाटे पाच ते नऊ आणि पुन्हा चारनंतर. खुंटाभोवती तुटलेल्या सालीचे तुकडे पडले होते. मी एकेक उचलून बघायचे आणि होता तसा ठेवायचे. सातव्या दिवशी काळ्या अंगाच्या येनाच्या फटीत मला एक पाल दिसली, पाठीवर उडत चाललेला लाल ठिपका. तिचं हिवाळ्यातलं झाड साठ हात लांब, आता नुसता खुंट. उघड्या जमिनीवरून, घारी-सापांच्या नजरेखालून, ती एवढं चालत आली होती. मी तिला म्हटलं, "माफ कर वं बाई." मावशींना हसू आलं, पण त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

एकोणचाळीस ठिपक्यांपैकी अकराच सापडले. काही पालींनी कात टाकली असेल आणि ठिपका कातीबरोबर गेला असेल, हे मी मान्य करते. पण सगळ्यांचं तसं झालं नसणार. सरडे छाटलेल्या फांद्यांच्या ढिगांत आले होते, त्यांचं बरं चाललं होतं. सापसुरळ्यांचं मात्र वाईट झालं. सागाची सावली गेल्यावर पानांचा थर पापडासारखा कडक झाला, खाली ओल उरली नाही, आणि पान उलटलं की खाली फक्त तापलेली माती. मी रोज उलटायचे आणि रोज वहीत शून्य लिहायचे. मावशी एकदा म्हणाल्या, "नाही भेटत तं जाते कायले?" मी म्हटलं, "मावशी, शून्य लिहायले बी जावं लागते." हे त्यांना पटलं. मोहफुलांचा हंगाम वाया जातो तेव्हा त्याही रोज जाऊन बघतच असत.

प्रबंध लिहिला. कामाच्या पद्धतीच्या प्रकरणात मी सरळ वाक्य घातलं: 'निरीक्षकाने झाडांवर क्रमांक घातल्यामुळे त्यांपैकी त्रेपन्न झाडे चुकीने तोडली गेली.' सरांनी त्याखाली पेन्सिलनं रेघ मारली.

"नुसतं 'तोडली गेली' लिही. कशामुळे, हे कोण विचारतंय?"

"मीच विचारते आहे ना, सर."

"तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतील. एवढ्या एका वाक्यावर नापास करतील."

वर्ष माझं, जून माझा, आणि नापास होणारीही मीच. तरी मी ते वाक्य तसंच टाईप करायला दिलं. खोटं बोलणार नाही असं वडील रोज म्हणत आले होते, माझ्या पाचव्या वर्षापासून. ते म्हणायला सोपं असतं असं मला तोपर्यंत वाटायचं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक बारीक, पिकलेल्या केसांचे. त्यांनी पानं उलटली आणि बोट बरोबर त्या ओळीवर ठेवलं. सर खिडकीबाहेर बघायला लागले.

"हे नंबर कोणी घातले?"

"मी."

"आणि कोणी सावध केलं नव्हतं?"

"केलं होतं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मी ऐकलं नाही."

त्यांनी त्या ओळीवरचं बोट उचललं. मग तक्त्याचं पान काढून म्हणाले, "इथं झाडांना क्रमांक नाहीत. हे 'जावा-जावा' काय आहे?" मी उठून त्यांना फळ्यावर दोन धावडे काढून दाखवले, एकमेकांकडे पाठ केलेले. ते हसले. तासभर प्रश्न विचारले, सगळे पालींबद्दल. मला दुसरा वर्ग मिळाला. पहिला मिळाला असता तर आवडलं असतं, खोटं कशाला बोलू? कुहीचं स्थळ तोवर दुसरीकडे ठरलं. आत्याला वाईट वाटलं. मला नाही.

निकालानंतर मी वडिलांना घेऊन नाक्यावर गेले. पेढे नेले, प्रबंध नेला, आणि वहीही नेली. नाकेदारानं वडिलांना खाट दिली आणि दोघं मिल आणि जंगल यांतलं कोणतं काम जास्त वाईट यावर बोलत बसले. मी मावशींना प्रबंधातली झाडांची नावं वाचून दाखवली. कुबडा येन, पाणी पिणारा, काळ्या अंगाचा. त्या प्रत्येक नावाला मान डोलवत होत्या. मग मी वहीचं शेवटचं पान उघडलं. हे करायचं असं मी ठरवूनच आले होते. नाहीतर धीर झाला नसता.

"मावशी, मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. त्या रात्री तुम्ही विचारलं काय लिहून राहिली, तं मी खोटं सांगतलं." आणि मथळ्यासकट यादी वाचली.

सरडा लांबून रक्त पितो. "खोटं हाये," मावशी म्हणाल्या, "मले बी मालूम हाये." सापाची मावशी चावली तर माणूस पाणी मागत नाही. "खोटं. मले चावली हाये." असं करत सहा झाले. मग मी सातवी ओळ वाचली. नाकेदार आणि वडील आता इकडेच बघत होते. मी पेन काढलं.

"काय करून राहिली?"

"खोडून राहिली. हे इथं नव्हतं लिहायचं."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तळहात नारळाच्या करवंटीसारखा टणक.

"खोडू नको. राहू दे तसंच. मी मेली का तुले कोन सांगन?"

मी पेन बंद केलं. पुढं तीस वर्षं मी कॉलेजात शिकवलं, दर वर्षी मुलांना जंगलात नेलं, आणि झाडावर खूण करायच्या आधी गावातल्या कोणालातरी विचारायला लावलं. ती वही माझ्याजवळ आहे. सातवी ओळ तशीच आहे.